आनंदरावांची पितळी पाटी

राष्ट्राची ताकद पोलादावर तरते, आणि त्या पोलादाची ग्वाही देणारा माणूस कायम अंधारात राहतो. स्वरूप अंधारात नव्हता, ट्यूबलाइटखाली होता. किनाऱ्यावरच्या एका जहाजाच्या कारखान्यात तो धातूंचा इंजिनिअर. जहाजासाठी आलेल्या प्लेटचा तुकडा बर्फाहून गार करायचा, यंत्राच्या हातोड्याखाली मोडायचा आणि कसा मोडला ते लिहायचं. जहाज त्याने एकही बांधलं नव्हतं. गावात मात्र त्याचे वडील, आनंदराव, सांगत असत, "आमचा स्वरूप जहाजं बांधतो."

ते आनंदराव गेले. स्वरूप आला, मुंडण झालं, रडू आलं नाही. लोकांनी त्याला धीराचा म्हटलं.

तेरावा झाल्यावर गोरखनाना आले. भाटघर धरणाच्या पलीकडे जायला गावाने वर्गणीतून लोखंडी लाँच करून घेतली होती, आणि नाना तिच्या कमिटीचे अध्यक्ष होते. प्रत्येक वर्गणीदाराच्या नावाची पितळी पाटी लाँचच्या अंगावर लागणार, असं ठरलेलं. त्याशिवाय वर्गणी जमली नसती.

"वरची जागा भरली," नाना म्हणाले. "सरपंच, माजी सरपंच, व्हनारे सरपंच. आनंदरावांची खाली बसवतो. भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे."

"खाली म्हणजे पाण्यालगत. पितळ लोखंडाला टेकून भिजत राहिलं की लोखंड खंगतं, नाना. भोकाभोवतीच सडेल."

"किती दिसांत?"

"काही वर्षांत."

"मग व्हईल की. तवर दुसरी कमिटी असंल."

"आत बाकावर लावा."

"बाकावर मान्सं बसत्यात. तुज्या बापाच्या नावावर कुणाकुणाचं बूड टेकवू?"

आई, रत्नाबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनी जल्मभर तुजं नाव घेतलं. त्यांचं येक नाव तुला जड झालं व्हय? मला काठावरनं वाचायचंय ते."

स्वरूपने आपल्या आत कुठे काही हलतंय का पाहिलं. हातोड्याखालचा तुकडा निदान आवाज तरी करतो.

दुसऱ्या दिवशी तो कापूरहोळला गेला. लाँच तिथेच वेल्डर भिमाच्या शेडबाहेर उभी होती. त्याने टेम्पोची जुनी ट्यूब कापून पाटीमागे रबर घातलं. बोल्टला प्लॅस्टिकची नळी चढवली. पितळ लोखंडाला कुठेच टेकू दिलं नाही. भोकं आतून-बाहेरून लुकणाने बुजवली.

"सायब, पाटी हाय का पाणबुडी?" भिमाने विचारलं.

"गळणार नाही," स्वरूप म्हणाला. इतक्या निगुतीने त्याने कारखान्यातही कधी कुठली गोष्ट केली नव्हती.

लाँच ट्रेलरवरून धरणावर आली, पाण्यात उतरली, तरंगली. पाटी पाण्याच्या वीतभर वर, उन्हात चकाकत होती. आई पदर सावरत काठाशी गेल्या आणि एकेक अक्षर लावून वाचलं. "दिसतंय," त्या म्हणाल्या. "लई ब्येस झालं."

नानांनी नारळ फोडला आणि पहिल्या फेरीला गाव चढलं. आजी-माजी सरपंच बसले, बायका बसल्या, कुणाची शेळी चढली. लाँच हळूहळू खाली बसली. आधी आडनाव गेलं, मग आनंदराव गेले. वरच्या पाट्या कोरड्या राहिल्या.

आई वाकून पाण्यात बघत राहिल्या. "गेलं व्हय रे?"

माल आणि माणसं चढल्यावर जहाज किती खाली बसतं, हे स्वरूपच्या कारखान्यात दुसरं खातं बघतं.