चौथ्या आकड्यावर

कोपरीच्या पंढरी म्हात्रेनं एकोणीसशे त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत ऑस्वल्डची कुस्ती घालवली. खरं म्हणजे ती कुस्ती नव्हतीच, बॉक्सिंग होतं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

ऑस्वल्ड ठाण्याच्या तलावाजवळ, चर्चमागच्या आळीत राहायचा आणि लोकरीच्या गिरणीत कामाला होता. त्याच्याविरुद्ध लढणारा टोनी कल्याणच्या रेल्वे लोकोशेडमध्ये फिटर. दोघंही हेवीवेट, दोघंही एकाच उस्तादाकडे शिकलेले, आणि गेली तीन वर्षं एकमेकांचं नाव निघालं तरी थुंकणारे. ऑस्वल्डच्या बहिणीशी, रीटाशी, टोनीचं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये अशा लग्नाची घोषणा तीन रविवार करतात. दोन रविवार नीट पार पडले, तिसऱ्या रविवारी टोनी कल्याणहून आलाच नाही. रीटाचं पुढं दुसरीकडे छान झालं. ऑस्वल्ड मात्र त्या तिसऱ्या रविवारातच अडकून राहिला.

कल्याणला दोघं समोरासमोर आले तेव्हा ठाण्याच्या आपल्या माणसासाठी कोपरीहून बावीस माणसं गेली होती, त्यांत पंढरीही. पाचव्या फेरीत ऑस्वल्डचा उजवा हात टोनीच्या जबड्यावर बसला आणि टोनी उताणा पडला. आता पंढरीनं जन्मात आखाडा सोडून दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. आखाड्यात पाठ टेकली की विषय संपला. मग ज्याचा पैलवान जिंकला त्यानं आत धावायचं, फेटा बांधायचा, खांद्यावर घ्यायचं. पंढरी स्वतः पंचविशीत असताना बाळकुमच्या जत्रेत त्याच्या वस्तादानं, धोंडीबानं, त्याला असाच फेटा बांधला होता. गुलाबी. तो फेटा त्यानं मुद्दाम बरोबर आणला होता. पंच वाकून इंग्रजीत आकडे म्हणायला लागला, तेव्हा पंढरीला वाटलं, साहेबी पद्धतीप्रमाणे पडलेल्याची चौकशी चाललीय. दहा म्हणायच्या आत पडलेला उठला तर सामना चालूच राहतो, हे त्याला कोण सांगणार? चौथ्या आकड्याला तो दोर ओलांडून आत होता. सहाव्याला फेटा ऑस्वल्डच्या डोक्यावर होता. सातव्याला ऑस्वल्ड पंढरीच्या खांद्यावर होता आणि वरून जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडत होता. पंढरीला वाटलं, आभार मानतोय.

आठव्या आकड्याला टोनी उठला. बघतो तर रिंगणात कोपरी गाव भरलेलं. सामना चालू असताना माणसं आत शिरली म्हणून पंचानं ऑस्वल्डला बाद केलं आणि टोनीचा हात वर धरला.

तेव्हापासून काळुरामच्या सायकलच्या दुकानासमोरच्या बाकावर पंढरीला जागा मिळेनाशी झाली. बस नको असं कोणीच म्हणालं नाही. तो आला की बाक फक्त भरलेला असायचा, दोनच माणसं बसलेली असली तरी. पंढरी मग एका जुन्या टायरवर बसायला लागला. नऊ महिने तो टायरवर बसून सगळं ऐकून घेत होता. दुसरीकडे जाऊन बसणं त्याला सुचलं नाही असं नाही, पण त्याची सगळी माणसं त्या बाकावर होती.

नोव्हेंबरात पुन्हा सामना ठरला, तोही ठाण्यात, शाळेच्या मैदानावर. बाकाला नुसता ऊत आला.

"टोनी शास्त्रशुद्ध खेळतो," भाऊ म्हणाले. भाऊ नौपाड्यातले, बी. ए., कलेक्टर कचेरीत. नौपाड्यात बॉक्सिंगवर बोललेलं कोणी ऐकून घेत नसे, म्हणून रोज संध्याकाळी पूल ओलांडून कोपरीत येत. त्यांनी आयुष्यात कोणाला ठोसा मारलेला नव्हता, कल्याणलाही ते गेले नव्हते, पण इंग्रजी पेपरात सगळे वाचलेले होते. "त्याचा डावा हात पाहा. नुसता डावा हात पाहा."

"डावा पाहायला गेला म्हणूनच तर उजवा खाल्लान त्यानं!" काळुराम ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला.

"तो अपघात होता."

"मग उताना का पडला? अपघातानं?"

"राघोबा, तुम्ही सांगा," भाऊंनी अपील केलं.

राघो पोस्टात होता आणि सगळ्यांशी सहमत व्हायचा. "ऑस्वल्डच जिंकनार," तो म्हणाला, "फकस्त कोनी मधी शिरलं नाय पायजे."

सगळ्यांनी टायरकडे पाहिलं.

"जीव गेला असता तरी आमी दोर वलांडला नसता," काळुराम म्हणाला. त्या दिवशी दोर ओलांडणाऱ्या बावीस जणांत काळुराम तिसरा होता. पंढरीला ते ठाऊक होतं, कारण ऑस्वल्डचा डावा पाय काळुरामनंच धरला होता.

"आमी ठरवलंय पंढरी," काळुराम पुढं म्हणाला. "सामन्याच्या दिवशी तू बाळकुमला जायचंस. सगुनाकडं. बहिनीकडं जाऊन किती दिस झाले तुला?"

"परवाच गेलेलो."

"मग परत जा. भाऊबीज झालीच नाय असं समज."

"रागावू नका हो पंढरीनाथ," भाऊ म्हणाले. "हा तुमच्या चारित्र्यावर ठपका नाही. केवळ खबरदारीचा उपाय आहे."

पंढरीला ठपक्यापेक्षा खबरदारीच जास्त लागली. तो सामना नाही पाहिला, तर आयुष्यभर आपण चौथ्या आकड्यावरच राहणार, एवढं त्याला कळत होतं. पण ऑस्वल्डचं एकदा वाटोळं केलेला माणूस कोणत्या तोंडानं हट्ट धरणार? "जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्वल्डची आई, सुझाना, घरी आली. पंढरीच्या बायकोनं, बायजानं, तिला पाट दिला. सुझानानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पंढरीच्या हातात ठेवलं. उघडून पाहिलं तर गुलाबी फेटा, धुऊन घडी घातलेला. नऊ महिन्यांत तो परत मागायची पंढरीची छाती झाली नव्हती. एका टोकाला हातभर तांबडा डाग होता.

"हलद-चुना हाय," सुझाना म्हणाली. "नऊ येला धुतला. जात नाय."

"हलद-चुना? फेट्याला?"

"हाताला. ऑस्वल्डचा उजवा हात मोडला व्हता रं बाबा, त्याच ठोशात. तू बांधलास तो फेटा त्यानं हातावर गुंडालला नि तसाच घरी आला. कोनाला दाखवला नाय. टोनी आठव्याला उठलेला ना? फुडं एका हातानं काय लढला असता यो? पोरीचं लगीन मोडलं, पोराचं थोबाड पन मोडलं असतं त्या मेल्यानं."

पंढरीनं त्या डागावर बोट फिरवलं. "पन मंग इतके महिने..."

"हाड जुडाला येल लागतो. नि टोनीला समजला असता तर त्यानं तोच हात धरला असता. आता पन कोनाला बोलू नको. शप्पत हाय तुला. ऑस्वल्ड बोलला, पंढरीला सांग, पयल्या रांगेत बस. फकस्त दहा मोजंपर्यंत बस."

पंढरीला आभार मानायचे होते, पण कोणाचे ते ठरेना. सुझानाचे, ऑस्वल्डचे, की त्या हाडाचे? शेवटी तो परसात गेला आणि वेलावरचा सगळ्यांत मोठा भोपळा तोडून सुझानाच्या हातात दिला. तो जड निघाला, म्हणून चर्चमागच्या आळीपर्यंत स्वतःच डोक्यावर घेऊन गेला.

संध्याकाळी टायरवर बसून तो म्हणाला, "मी बालकुमला जात नाय. ऑस्वल्डनं पयल्या रांगेत बोलावलाय."

"तुला?" काळुरामच्या हातातला पाना थांबला. "कशाला?"

"ते नाय सांगनार."

मग तासभर बाकानं त्याला सोललं. भाऊंनी ऑस्वल्डच्या मानसिक अवस्थेबद्दल शंका व्यक्त केली. राघो भाऊंशी सहमत झाला. पंढरी प्रत्येक टोमणा ऐकून असा प्रसन्न हसत होता, की शेवटी काळुराम घाबरला आणि त्यानं चहा मागवला.

सामन्याच्या दिवशी मैदान चार वाजताच भरलं. पंढरी पहिल्या रांगेत, दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरून. फेटा घरी ठेवलेला. मागच्या रांगेत काळुराम, भाऊ, राघो आणि बाकीची कोपरी, पंढरीवर नजर ठेवायला.

तीन फेऱ्या टोनीच्या डाव्या हातानं गाजवल्या. भाऊ प्रत्येक ठोशाला "शास्त्र! शास्त्र!" म्हणत होते. ऑस्वल्ड उजवा हात काही काढीना. "काय झालाय याला?" काळुराम ओरडत होता. काय झालं होतं ते पंढरीला ठाऊक होतं. चौथ्या फेरीत टोनी डावा हात लांबवून पुढं आला आणि ऑस्वल्डनं उजवा काढला. त्याच जबड्यावर, त्याच जागी.

टोनी उताणा.

वन, पंच म्हणाला. टू.

पंढरीनं बाकडं आणखी आवळलं. आणि तेवढ्यात त्याच्या कानाजवळून काहीतरी सुसाट गेलं. काळुराम! सदऱ्याखालून केशरी फेटा ओढून काढत, आनंदानं अगदी वेडा होऊन, दोराच्या दिशेनं. त्याच्यामागं राघो. राघोच्या मागं सगळी कोपरी उठलेली.

पंढरीनं बाकडं सोडलं. वीस वर्षांत कुस्ती खेळला नव्हता, पण पट काढणं अंग विसरत नाही. त्यानं पुढून आडवं येऊन काळुरामचे दोन्ही पाय एकदम उचलले. काळुराम पाठीवर पडला, राघो काळुरामवर अडखळून पडला, आणि पंढरी दोघांवर आडवा झाला. "बसा खाली!" तो रांगांकडे पाहून असा गरजला, की तीन रांगा बसल्या. त्यात भाऊही होते. ते सुद्धा उठले होते.

फाइव्ह. सिक्स.

रिंगण पंढरीच्या पाठीमागे होतं. त्याला फक्त काळुरामचा चेहरा दिसत होता. तिथं तो सगळा सामना पाहत होता. एटला काळुरामचे डोळे विस्फारले: टोनी गुडघ्यावर आला असणार. नाइनला काळुरामनं श्वास कोंडला. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"झाले?" पंढरीनं विचारलं.

"झाले रं."

"दहा? नीट मोजलास?"

"दहा झाले, बाबा. बसला गुडघ्यावर तो, उठला नाय. आता तरी माज्यावरनं उठ!"

पंढरी उठला नाही. त्यानं मान वळवून आधी पंचाकडे पाहिलं. ऑस्वल्डचा हात वर गेलेला होता, उजवा. ऑस्वल्डनं दोराशी येऊन पंढरीला हातानं आत बोलावलं, तेव्हाही पंढरीनं पंचाला विचारून घेतलं. मग काळुरामचा केशरी फेटा त्याच्याच हातून घेऊन ऑस्वल्डनं तो पंढरीच्या डोक्याला गुंडाळला. बॉक्सरला फेटा बांधता येत नाही, तो लगेच सुटला. दोघंही हसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंढरी दुकानाशी आला, तर टायर नव्हताच. काळुरामनं तो छपरावर टाकला होता आणि फडक्यानं बाक पुसत होता. भाऊ आधीच सरकून बसले होते.

"बस," काळुराम दुसरीकडे पाहत म्हणाला. "काल तू नसतास तर..." एवढ्यावर त्यानं चहा मागवला.

पंढरी बसला. बाक तोच होता, एका पायानं डुगडुगणारा. त्यानं दोन्ही तळवे फळीवर टेकवले.

"भाऊ," मग तो म्हणाला, "शेवटचा ठोसा बसल्यावर काय काय झाला ते सगला सांगा ना. मी पाठ फिरवून व्हतो."

भाऊंनी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी होतं.