मागे कोण राहिलं?

आपला फुटबॉलचा संघ मैदानात उतरला की पन्नास हजार माणसं ओरडतात, "मागे कोण राहिलं?" आणि तीच माणसं उत्तर देतात, "कोणी नाही!" अख्खा देश संघाच्या पाठीशी उभा आहे, असा त्याचा अर्थ शाळेत शिकवतात म्हणे. शिकवोत बापडे. ही आरोळी पहिल्यांदा ऐकली ती मी, बोगद्याच्या तोंडाशी, आणि देणारा माझा नवरा होता.

हे तिथे मुकादम. सुरुंग भरून झाले की हे विचारायचे आणि टोळी बाहेर पडता पडता एका सुरात उत्तर द्यायची. पण नुसत्या ओरडण्यावर काम भागत नसे. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर टांगायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळा रिकामा दिसल्याशिवाय मुकादमाने सुरुंगाचं बटण दाबायचं नाही. फळ्यापाशी बसायची मी. "घरी बायको, कामावर बायको, बिचाऱ्याने पळावं तरी कुठे," असं टोळी ह्यांना चिडवायची.

गेल्या मंगळवारी टीव्हीवाली पोरगी आमच्याकडे आली. आरोळी कुठून आली ते तिला ह्यांच्या तोंडून हवं होतं. कॅमेरावाल्याने ह्यांची खुर्ची तीनदा सरकवली, भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, पंखा बंद केला. आरोळीची गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या भावाचं मरण सांगायचं, आणि मग दोष कोणाचा तेही सांगायचं. चौकशीत ह्यांनी सांगितलं होतं, "मी फळा बघितला नाही." नोकरी गेली. माझ्या आईने मरेपर्यंत ह्यांचं तोंड पाहिलं नाही. आता तेच वाक्य हे साऱ्या देशासमोर बोलणार होते, आणि मी नेहमीसारखी शेजारी बसून ऐकणार होते.

"आजोबा, त्या दिवशी काय झालं?" पोरीने विचारलं.

ह्यांनी सांगितलं. माझ्या धाकट्या भावाला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी पाय ठरायचा नाही त्याचा. बोगद्याच्या फुटबॉल टीमचा तो जीव की प्राण. त्या दुपारी मॅच होती आणि त्याचे बूट आत राहिले. बूट आणायला तो परत वळला, आणि सुरुंग उडाले.

आठ दिवसांनी टीम पुन्हा खेळली, त्याची जागा मोकळी ठेवून, दहाच जणांनी. टोळीतल्या म्हाताऱ्या सुताराने कडेला उभं राहून विचारलं, "मागे कोण राहिलं?" एक जण मागे राहिलाय हे ठाऊक असलेल्या तीस माणसांनी गळा फाडून उत्तर दिलं, "कोणी नाही!" सगळे ढसाढसा रडत होते. पुढे त्या टीममधले दोघे देशाकडून खेळले, आणि त्यांच्या मागोमाग आरोळीही मोठ्या मैदानावर गेली.

पोरीने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "आणि चूक कोणाची होती?"

"माझी. मी फळा बघितला नाही."

"बघितला होता," मी म्हणाले.

हे माझ्याकडे वळले. "अगं, गप्प बस."

"बघितला होता ह्यांनी. फळा रिकामा होता. भिंगरी बोगद्याच्या तोंडापाशी आला आणि लांबूनच ओरडला, ताई, माझा तेवढा काढ गं, उशीर होतोय. मला तो बाहेर दिसला, मी काढला. दुसऱ्याचा बिल्ला काढायचा नसतो हे मला माहीत होतं. पण तो माझा भाऊ होता. त्यानंतर त्याला बूट आठवले, आणि माझं लक्ष नव्हतं."

"हे कापून टाका," हे पोरीला म्हणाले. "हिला हल्ली भ्रम होतो. काहीही बोलते."

"मला काही भ्रम झालेला नाही. मीच मारलं त्याला, आणि खापर ह्यांच्या डोक्यावर फोडून एकेचाळीस वर्षं सुखाने जेवले!" माझा आवाज एवढा चढला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

पोरीने कॅमेरा बंद करायची खूण केली. काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवून कळवा, असं म्हणून ती निघून गेली. पोरगी गुणी होती.

मी पंखा लावला. कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. हे खुर्चीतून हलले नाहीत. हे रागावतील, किंवा बरं झालं बोललीस म्हणतील, असं मला वाटत होतं. आम्ही दोघांनी हा विषय एकमेकांत कधी काढलाच नव्हता. ह्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, मी ते सांगू दिलं, बस्स.

मग हे म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. मला आत घेतलं नव्हतं."

"हो," मी म्हणाले.

"मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी तू बोलशील."

त्या दिवशी मी आत होते. आईचा हात माझ्या हातात होता, आणि ती शेवटपर्यंत ह्यांना शिव्याशाप देत होती.