हवेचा डबा

गेलनने टेबलावरची मिठाची बाटली बाजूला सारली आणि तीन कागद ओळीने मांडले. गुरुवारची संध्याकाळ होती. सात महिन्यांची एडा लोर्नाच्या मांडीवर दूध पीत होती, त्यामुळे लोर्नाला एकच हात मोकळा होता, आणि त्या हातात सासूबाईंनी पाठवलेला बिएरॉक होता, कोबी-खिमा भरलेला पाव, अजून कोमट.

"वाढदिवसाला काय देऊ विचारलं की तू 'काही नको' म्हणतेस," गेलन म्हणाला. "म्हणून यंदा तसं विचारतच नाही. तिन्हींतल्या एकावर बोट ठेव. शनिवारी बसवून देतो."

"कशात?"

"तुझ्या गाडीत. मग काय डायपरच्या बादलीत?"

लोर्नाची गाडी म्हणजे दोन सीटांची, बुटकी, लाल. तिच्यात बाळाची खुर्ची बसत नाही, म्हणून एडा झाल्यापासून ती गॅरेजात चादर पांघरून उभी होती. येत्या रविवारी क्लबची या मोसमातली शेवटची शर्यत होती, आणि वर्षभरानंतर लोर्ना पहिल्यांदाच ती बाहेर काढणार होती.

गेलनचं काम सलायना गावाच्या आसपासच्या धान्याच्या कोठारांत पंखे आणि पत्र्याच्या नळ्या बसवायचं. धान्यातून वारा कसा खेळवायचा हे त्याला झोपेतही सांगता येई. इंजिनात हवा कशी घ्यायची, हा तर त्याच्या हातचा मळ. "ही पहिली," तो म्हणाला, "लांब नळी. पार खाली बंपरमागे उतरते, तिथली गार हवा ओढते. गार हवा घट्ट, घट्ट हवा म्हणजे ताकद. पण डबक्यात गाडी घातलीस तर पाणीही ओढेल, आणि मग इंजिनाला रामराम. ही दुसरी, आखूड. वरच्या वर बसते, मध्ये पत्र्याचा आडोसा, म्हणजे इंजिनाची गरम हवा आत जायची नाही. ताकद जरा कमी, पण आवाज ऐकशील तर—"

"आणि तिसरी?"

"तिसरी आपली उगीच. दोनच कागद बरे दिसेनात. कंपनीचा हवेचा डबा आहे तसाच ठेवायचा, आतला फिल्टर तेवढा नवा घालायचा. याला भेट म्हणत नाहीत गं, याला सर्व्हिसिंग म्हणतात."

खरं तर लोर्नाचं उत्तर तिसरंच होतं. क्लबात ती सहा वर्षं कारखाना गटात धावत होती. कारखान्यातून जशी निघाली तशीच गाडी. फिल्टर बदललात तर चालेल, पण डबा आणि नळी बदललीत की तुम्ही फेरफार गटात. तिथे चौपट ताकदीच्या गाड्या. लोर्नाला शेवटी यायची भीती नव्हती. तिला मोजायचं होतं. शाळेची बस चालवणारी बर्नाडीन सहा वर्षं तिच्याच गटात, तशाच लाल गाडीत धावत होती. कधी ही पुढे, कधी ती, पण दोघींतलं अंतर कधी अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं नव्हतं. एडा झाल्यापासून लोर्ना दुधाचं झाकण फ्रीजमध्ये आणि लोणी कपाटात ठेवत होती. हात तिचेच होते, पण ते ऐकतात का, हे तिला कळेनासं झालं होतं. तीच गाडी, तोच गट, तीच बर्नाडीन. त्याशिवाय दुसरं माप तिच्याकडे नव्हतं.

हे तिने सांगायला हवं होतं. पण समोर गेलन बसला होता, शर्टाच्या खांद्यावर एडाच्या ओकारीचा पांढरा डाग वाळलेला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच तो डायपर सोडून दुसऱ्या कशावर तरी इतका बोलत होता. लोर्नाने मधल्या कागदावर बोट ठेवलं.

"मला वाटलंच होतं," गेलन म्हणाला. "तुला आवाज आवडतो."

शनिवारी त्याने दीड तासात काम उरकलं. जुना काळा डबा त्याने एडाच्या फाटक्या दुपट्यात गुंडाळला आणि गॅरेजाच्या वरच्या फळीवर ठेवला, कारण त्याच्या घरात जुनं काही फेकत नसत. मग लोर्नाने किल्ली फिरवली. आवाज खरोखरच छान होता, खोल आणि जरासा घोगरा, एखाद्या मोठ्या जनावराने दीर्घ श्वास घ्यावा तसा. गेलन काळे हात पुसत नुसता हसत राहिला. लोर्नाला त्याच वेळी रडू येत होतं. ते तिने झोप न झाल्यावर ढकललं.

रविवारी सकाळी जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकूंनी वळणांची वाट आखून झाली होती. एका वेळी एकच गाडी, घड्याळ लावून. लोर्ना लाल गाडीने आली, गेलन मागून पिकअपमधून, एडाला घेऊन. तिथली रीत अशी, की आपला गट आपणच दारावर निळ्या चिकटपट्टीने लिहायचा. बॉनेट उघडून कोणी बघत नाही. बॅटरी घट्ट आहे का, चाकं डगमगत नाहीत ना, एवढंच तपासतात. बाकी तुमच्या शब्दावर. लोर्ना चिकटपट्टीचं रीळ हातात धरून दारापाशी उकिडवी बसली. कारखाना गटाचं नेहमीचं 'सी' अक्षर तिने एक क्षणही मनात धरलं नाही. तिने 'एम' चिकटवलं, फेरफार गटाचं. शेवटची पट्टी वाकडी गेली.

"हे काय गं लिहिलंयस?" बर्नाडीन पाठीमागे उभी होती, हातात दालचिनीचा रोल. "एम? डोळे फुटले का तुझे?"

"बरोबर आहे ते. नळी बदललीय."

"बदललीय," बर्नाडीन म्हणाली. "म्हणजे मी वर्षभर तुझी वाट बघितली ती त्या ग्रेगच्या पिवळ्या राक्षसी गाडीशी तुला धावताना बघायला. बरं केलंस बाई. मला आज ट्रॉफी फुकट." तिने रोलचा तुकडा तोडून लोर्नाच्या तोंडाशी धरला. "खा. चेहरा बघ केवढासा झालाय."

तेवढ्यात गेलन एडाला कडेवर घेऊन आला. त्याने दारावरचं अक्षर बघितलं, मग लोर्नाकडे.

"सी लिहितेस ना तू?"

"त्या नळीने नाही लिहिता येत."

"हे तुला गुरुवारी ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू बोट ठेवलंस."

"तू इतका खूश होतास रे."

एडाने गेलनची टोपी ओढून काढली, ती त्याने परत घातली नाही. "मी दोन आठवडे ते कागद गोळा करत होतो," तो म्हणाला. "तुला जास्त ताकद हवी असेल असं वाटलं."

"मला जास्त काही नकोय, गेलन. मला आहे तेवढंच हवंय. मी अजून तीच आहे का, तेवढंच बघायचंय. गाडी बदलली तर कळणार कसं?"

बर्नाडीन दुसरीकडे बघत रोल चावत होती. मग म्हणाली, "फेरफारवाले आत्ता सकाळी धावतात. आपला गट दुपारी दोनला. पहिली फेरी मारायच्या आत गट बदलता येतो. मी आपली सहज माहिती दिली."

गेलनने घड्याळ बघितलं. घर पंचवीस मैल. "नळी काढायला अर्धा तास, डबा बसवायला अर्धा तास," तो म्हणाला. "एडाला दूध पाज. मी हिला घेऊन जातो, घरून डबा आणतो. तू माणसांत राहा जरा."

सकाळभर लोर्ना आणि बर्नाडीन एकाच वळणावर शंकू उभे करायच्या कामावर होत्या. ज्याला धावायचं त्याने आधी किंवा नंतर उन्हात उभं राहायचंच, त्यातून कोणाची सुटका नाही. पिवळ्या राक्षसाने एका फेरीत चार शंकू उडवले. "बघ, याच्याशी धावणार होतीस," बर्नाडीन पळता पळता म्हणाली, "दुपारपर्यंत तूही शंकूच झाली असतीस."

सव्वाबाराला पिकअप आली. एडा मागच्या खुर्चीत झोपलेली, गालाला दुपट्याची घडी उमटलेली. गेलनने नळी सोडवली, सेन्सरची तार काढली, डबा बसवला, क्लॅम्प आवळले. डबा बंद करायच्या आधी त्याने खिशातून चपटं खोकं काढलं आणि आतला काळवंडलेला फिल्टर काढून नवा घातला.

"हा कुठून आणलास?"

"वाटेत दुकान होतं. तिसरा कागद." त्याने झाकण दाबलं. "सर्व्हिसिंग."

लोर्नाने 'एम' सोलून काढलं आणि 'सी' चिकटवलं. एका दमात, सरळ.

दुपारी प्रत्येकीला चार फेऱ्या. बर्नाडीनची सर्वांत चांगली वेळ अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन सेकंद. लोर्नाची पहिली फेरी एक्कावन्न. ती आपली कुठे वळायचं तेच आठवत होती. दुसरी साडेएकोणपन्नास. तिसऱ्या फेरीत हात मोकळे झाले, पण शेवटच्या दोन शंकूंमधून निघताना मागचं चाक एका शंकूला लागलं आणि दोन सेकंद दंड बसला. चौथ्या फेरीला तिने आरशात बघितलं नाही, घड्याळाचा विचार केला नाही. तिसऱ्या वळणावर तिने ब्रेक जरा लवकर दाबला. दाबतानाच तिला ते कळलं. बाकी सगळीकडे गाडी तिने मनात म्हणायच्या आत वळत होती.

अठ्ठेचाळीस पूर्णांक सात.

ट्रॉफी बर्नाडीनला मिळाली. तिने ती बगलेत मारली आणि लोर्नाच्या पाठीत एक गुद्दा घातला. "एप्रिलमध्ये ये. आणि तिसऱ्या वळणाचं मला विचारू नकोस, मी सांगायची नाही."

गेलन पिकअपच्या फळीवर बसून एडाला केळं भरवत होता. एडाच्या केसांत केळं, त्याच्या कानात केळं. लोर्ना शेजारी टेकली.

"चार दशांशांनी हरले," ती म्हणाली.

"मग हे चांगलं की वाईट? तुझ्या तोंडावरून काही कळत नाही."

"मला वाटलं होतं, दोन सेकंदांनी तरी हरेन."

गेलनने चमचा थांबवला आणि तिच्याकडे बघितलं. मग उरलेलं केळं एडाच्या हातातच देऊन टाकलं. मागे पिकअपमध्ये नवी नळी आपल्या खोक्यात परत गेली होती.

"ही मी परत पाठवतो," तो म्हणाला. "तुझ्या वाढदिवसाचं मग आता काय?"

लोर्नाने एडाला उचलून घेतलं. चिकट हात तिच्या गळ्याभोवती पडले. "दर मंगळवारी दोन तास," ती म्हणाली. "ही तुझ्याकडे, आणि किल्ली माझ्याकडे. तिसरं वळण बघायचंय मला."