भाऊंचा शब्द

न्यायाधीशबाईंनी खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि स्वतःच शिंकल्या. शिपाई दारातून पाहत होता.

“झटकून काय उपयोग, मॅडम? इथे कुत्रंही फिरकत नाही.”

“का? भांडणं होत नाहीत?”

“ढीगभर होतात. पण लोकांना निकाल हवा असतो, तारीख नको. ते भाऊंकडे जातात.”

या खुर्चीवर कित्येक वर्षांत कोणी टिकलं नव्हतं. भाऊ म्हणजे बाजारातले टायरवाले. बाईंना राहवेना. दुसऱ्या दिवशी त्या तिथे जाऊन इतरांसारख्याच एका जुन्या टायरवर बसल्या.

भाऊ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते आणि ऐकत होते. एका हार्डवेअरवाल्याने शेजारच्या शिंपिणीच्या दुकानात भिंत सरकवली होती. दोघांचं बोलून झाल्यावर भाऊंनी बुडबुड्यावर बोट ठेवलं.

“भिंत आहे तिथेच राहू दे. मिटलं.”

शिंपीण मुकाट्याने निघाली. बाईंनी तिला बाहेर गाठलं.

“पटला निकाल?”

“हार्डवेअरवाल्याचा भाचा भाऊंकडेच कामाला. पटायचं काय त्यात?”

“मग वर दाद मागायची.”

शिंपीण हसली. “वर? वर पत्रा आहे.”

बाईंनी मान वर केली. खरंच, अख्ख्या बाजारावर पत्राच होता. भिंतीही पत्र्याच्या. “एवढी गर्दी, एवढी उलाढाल, आणि पक्कं दुकान एकही नाही?” त्यांनी विचारलं.

“कोण बांधणार? पक्कं बांधलं की लोकांच्या डोळ्यांवर येतं. आज माझं, उद्या कुणाचं, काय सांगावं? दोन मुली हाताखाली घ्यायच्या होत्या मला. आता माझंच मशीन कसंबसं मावेल.”

बाई रोज कोर्टाचं दार उघडून बसत राहिल्या. अखेर एका दुपारी एक माणूस आला. एकटाच. चपला बाहेर काढून भाऊ आत आले आणि कुठे उभं राहायचं ते न कळून मधेच थांबले.

“पोरं माझी,” ते म्हणाले. “दुकान एक, पोरं दोन. दोघांनीही आपापली माणसं जमवायला घेतलीत. माझ्यासमोर मान डोलावतात. पण माझा शब्द मी आहे तोवरच, मॅडम. मी डोळे मिटल्यावरही चालेल, असं काही मिळतं का इथे?”

“पोरं मानतील?”

“बाजाराने मानलं तर त्यांना मानावंच लागेल.”

“आणि बाजाराने इथलं का मानावं?”

भाऊंनी काळे पडलेले तळवे सदऱ्याला पुसले. “मीच इथे येऊन उभा राहिलो, तर मानतील.”

“मला दोघांनाही ऐकावं लागेल,” बाई म्हणाल्या. “तुम्हालाही. निकाल तुमच्या मनासारखा लागेलच असं नाही.”

“नाही लागला, तर वर दाद मागता येते ना?”

“येते.”

सुनावणीच्या दिवशी अर्धा बाजार आवारात लोटला. भाऊ येतात का, आणि आले तर बसतात कुठे, हेच सगळ्यांना बघायचं होतं. भाऊ बाकावर बसले होते, बाकीच्यांसारखेच, आपली पाळी येण्याची वाट बघत.

शिपाई दारात आला. पुकारा करायची सवय मोडली होती. तो दोनदा खाकरला. मग त्याने खणखणीत आवाजात नाव पुकारलं, आडनावासकट, मागे ‘भाऊ’ न लावता.

आवारात कुणी हललं नाही. ते नाव कुणाचं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं.

भाऊ उठले. सदरा नीट केला.

“हजर,” ते म्हणाले.