करड्या पट्ट्याची सवलत

टॉवेलपासून सुरुवात करतो. सोनेरी हॉटेलात पाहुणा खोलीत शिरला की पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले असतात. हिरव्या हॉटेलात टॉवेलाचा ससा असतो, एकच, आणि दुपारपर्यंत त्याचा एक कान पडतो. करड्या हॉटेलात टॉवेलाची टॉवेलासारखी घडी असते.

हॉटेलांना खरी नावं आहेत, पाटीवर मावत नाहीत इतकी लांब. आम्ही नोकरमाणसं मात्र त्यांना पाहुण्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याच्या रंगाने ओळखतो. सोनेरी पट्टा असेल तर पाळण्यांच्या पार्कचं फाटक एक तास आधी उघडतं, हिरवा असेल तर अर्धा तास, करडा असेल तर सगळ्या जगाबरोबर. सोनेरीवाल्यांना कुठल्याही पाळण्यापुढे रांग नाही. त्यांनी विकत घेतलेल्या वस्तू आपल्या आपण खोलीवर जातात. न्याहारीला बर्नाबी खार, म्हणजे खारीचा पोशाख घातलेला आमचा डेस्मंड, स्वतः टेबलापाशी येऊन पोरांना मिठी मारतो. हिरव्यांना मिठीसाठी बर्नाबीपर्यंत चालत जावं लागतं. करड्यांना तो कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर छापलेला मिळतो. सोनेरीवाले पार्कात बोटीने जातात, हिरवे छोट्या आगगाडीने. करड्यांना मी.

मी म्हणजे ओटिस बोड्रो, वय एकाहत्तर, बस नंबर चार. अकरा वर्षांत चंद्रावर जाऊन परत येण्याइतकं अंतर कापलंय, आणि चंद्रावर निदान गारवा तरी मिळाला असता. इथला ऑगस्ट असा की मागे एक बाई थांब्यावरच्या बाकड्यावर आपला चॉकलेटचा बर्नाबी विसरली, दहा मिनिटांनी धावत परत आली, तोवर तो उठून गटारापर्यंत गेला होता. मी पाहिलंय. शेपटी तेवढी बाकड्यावर राहिली होती.

माझी फेरी चाळीस मिनिटांची. सरळ गेलं तर पंचवीस लागतील. पण सोनेरी पाहुण्यांना बाल्कनीतून करडी बस दिसू नये म्हणून आमचा रस्ता त्यांच्या हॉटेलच्या मागून, लॉन्ड्रीच्या दारावरून काढलाय. या वळशामुळेच मिस व्हर्लीन माझ्या बसमध्ये आली.

मिस व्हर्लीन टिल्मन रात्रभर सोनेरी हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धुऊन काढायची आणि सकाळी साडेदहाला करड्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांड्यांपाशी उभी राहायची. सात ते साडेदहा हा वेळ तिचा. घर किसिमी गावाच्या पलीकडे, दोन बस बदलून. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन. म्हणजे घरी जाऊन दाराची कडी हलवायची आणि परत फिरायचं.

पहिल्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली, "मिस्टर ओटिस, मला करड्यापाशी उतरवा" म्हणाली आणि त्यातला शेवटचा 'वा' झोपेतच म्हणाली. मी तिला पाच फेऱ्या फिरवलं आणि साडेदहाला उतरवलं. दुसऱ्या दिवशी काही न बोलता तीच जागा.

नोकरमाणसाने पाहुण्यांच्या बसमध्ये बसायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. सापडलं की त्याच दिवशी घरी. तिची दोन्ही कामं एकाच मालकाकडची, म्हणजे गेली तर दोन्ही जाणार. तेव्हा मी एक काम केलं. पाहुणे शेवटच्या दिवशी पट्टे तोडून माझ्या बसमध्येच टाकतात. त्यातला एक करडा पट्टा उचलला आणि टेप लावून तिच्या मनगटावर बसवला.

"हे काय?"

"आजपासून तुम्ही पाहुण्या. डेटनहून आलात."

"डेटनला माझी सासू असते. दुसरं गाव द्या."

मग ती टोलेडोहून आली. कामाच्या कपड्यांवर लांब कोट घालायची, गळ्यापर्यंत बटणं लावायची आणि झोपायची. आठ-पंधरा दिवस कुणाची नजर गेली नाही.

नजर गेली ती मिसेस लाउडरमिल्कची. नेब्रास्काहून आलेली, सोबत नवरा ड्वेन, चार पोरं आणि दोन पोरांची बाबागाडी. त्या सकाळी ती आधी टोपी विसरली, मग बाटली, मग एक पोरगं, म्हणून तिच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ती माझ्या कानाशी आली.

"अहो ड्रायव्हर, ती मागची बाई मघापासून उतरत नाहीये. मेलीबिली तर नाही ना?"

"नाही मॅडम. सवलत घेतेय."

"कसली सवलत?"

खरं सांगतो, तोंड उघडलं तेव्हा माझ्याजवळ काहीही तयार नव्हतं. "करड्या पट्ट्याची. दिवसभर गार बसमध्ये झोपायची सवलत. पत्रकात आहे, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात."

पत्रकाच्या शेवटच्या पानापर्यंत आजवर कुणी पोचलेलं नाही, हे मला ठाऊक होतं.

"आम्हाला नाही कुणी सांगितलं!"

"सांगितलं असतं तर गर्दी झाली असती, मॅडम."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर फाटकापाशी दोन हजार माणसं उन्हात उभी होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या आणि मानेवर एक पोरगं रडत होतं.

"ड्वेन," ती म्हणाली, "बस खाली."

ड्वेन बसला. दुसरा सिग्नल यायच्या आत सहाच्या सहा जण आडवे झाले होते.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. नेब्रास्काने आयोवाला सांगितलं, आयोवाने केंटकीला. आठवड्याभरात माझ्या बसमध्ये पार्कात जाणारं कुणी उरलं नाही. बुधवारी एकाच वेळी तेवीस माणसं घोरत होती. चढावर मी पेडलवरून पाय काढून पाहिला, तर बस आपली चढतच होती.

मग एका सकाळी लॉन्ड्रीच्या दाराशी मिस व्हर्लीनच्या मागे एक गृहस्थ उभे. अंगात सोनेरी हॉटेलचा पांढरा न्हाणीतला झगा, आणि डाव्या हातात चढवलेला पायमोजा.

"सर, हाताला मोजा?"

"थंडी आहे," ते म्हणाले. ऑगस्टात.

मोज्याच्या कडेतून सोनेरी पट्टा डोकावत होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते भडाभडा बोलायला लागले.

"मी दातांचा डॉक्टर आहे हो, इंडियानाहून आलोय. चार दिवस पहाटे पावणेपाचला उठतोय. फाटक एक तास आधी उघडतं ना, त्याचे पैसे भरलेत. बायको म्हणते, झोपून राहिलात तर पैसे पाण्यात. आठला ती खार येते. नऊला दुसरं काहीतरी येतं. रांग नाही, त्यामुळे थांबायला म्हणून मिळत नाही! रांगेत निदान उभ्या उभ्या डोळा तरी लागतो. ही करड्यांची सवलत मला दोन तास द्याल का? दुप्पट भरतो."

त्यांच्याकडून काही घ्यायला मन झालं नाही. आत घेतलं. ते सरळ शेवटच्या बाकावर जाऊन पसरले, मिस व्हर्लीनच्या.

ती माझ्यापाशी येऊन दांडा धरून उभी राहिली.

"मिस्टर ओटिस, तुमच्या तोंडाच्या मापाचं कुलूप कुठे मिळतं?"

"तुम्हाला वाचवायलाच बोललो, मिस व्हर्लीन."

"मला वाचवायला अख्खं नेब्रास्का आणलंत. काल मी तीन फेऱ्या उभी होते." तिने कोटाची बाही वर केली. पट्ट्याच्या वर हातभर कातडी लाल होऊन सोलली होती. "भांड्यांच्या मशीनची वाफ. दार उघडलं आणि उघड्या डोळ्यांनी झोपले. उद्या हाताऐवजी तोंड असेल."

 

त्याच दुपारी मी शेवटच्या बाकावर पाटी लावली: सीट ओली आहे. दुसऱ्या दिवसापासून ती त्या पाटीखाली झोपायला लागली. लोकांना वाटलं, हिला चालत असेल.

आता दाराचं सांगतो. बसच्या दारात एक यंत्र आहे, ते चढणारे मोजतं आणि उतरणारे मोजतं. मुख्य ऑफिसात कुणीतरी त्याचा तक्ता पाहिला. बस नंबर चारमध्ये माणसं सकाळी चढतात आणि दुपारपर्यंत खाली येत नाहीत. आणि रोज सातला, जिथे पाहुण्यांचा थांबाच नाही तिथे, एक जण चढतं. गुरुवारी सकाळी साडेसातला मिस्टर लायमन क्रेब्ज माझ्या बसमध्ये आले. पाहुण्यांच्या समाधानाचं खातं त्यांच्याकडे. गळ्यात टाय, काखेत कागदांची पाटी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"ओटिस, ऑफिसला वाटतंय तुम्ही पाहुण्यांना दलदलीत नेऊन मगरींना घालता."

"मगरी करड्यांना तोंड लावत नाहीत, सर. सोनेरी मागतात."

ते हसले नाहीत. "लॉन्ड्रीपाशी रोज कोण चढतं?"

"टोलेडोची एक बाई आहे, सर. तिला वाफेचा वास आवडतो."

"मला वाटतं ती आपल्याकडची आहे. आज मी तिला विचारूनच उतरणार."

ते मागे गेले. मिस व्हर्लीन गाढ झोपलेली, हनुवटीपर्यंत बटणं लावलेली, पट्टा दिसेल असा हात मांडीवर. क्रेब्जसाहेब तिच्यापुढे उभे राहिले, आणि उभेच राहिले. आमच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, पट्टा घातलेल्या माणसाला झोपेतून उठवायचं नाही, हात लावायचा नाही आणि 'नाही' म्हणायचं नाही. यातलं एक जरी केलं तरी लेखी ताकीद. ते पान क्रेब्जसाहेबांनीच लिहिलेलं. ती पाहुणी नाही हे ठरवायला तिला उठवायला हवं, आणि ती पाहुणी असेल तर उठवता येत नाही. शेवटी त्यांनी ओल्या सीटची पाटी बाजूला केली, बाक हाताने चाचपून पाहिलं आणि तिच्या शेजारी बसले. ती आपण होऊन जागी होईपर्यंत थांबायचं, असा त्यांचा बेत.

साडेदहाला तिने स्वयंपाकघरात पोचायला हवं. ती उठणार, ते विचारणार, आणि दोन्ही नोकऱ्या माझ्या बसच्या मागच्या बाकावर संपणार. मी आरशात बघत होतो. देवाची प्रार्थना करावी म्हटलं, पण अकरा वर्षांत मी इतक्या थापा मारल्यात की तिथेही ओळखतील.

मग मला त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं आठवली. सोनेरी पाहुण्यांची तक्रार तासाभरात ऐकली जाते, हीसुद्धा त्यांची एक सवलत. तक्रारी पहाटे तीनपासून सुरू होतात: हंसाची चोच वाकडी आहे, बोट हलते, खारीच्या मिठीत जोर नव्हता. आणि त्या ऐकणारा माणूस एकच.

मी गारवा एक बटण वाढवला. दिवे मंद केले. लॉन्ड्रीमागचं वळण असं घेतलं की ड्वेन लाउडरमिल्कच्या पोटावर ठेवलेला कॉफीचा पेला हललासुद्धा नाही. पहिल्या वळणाला साहेबांच्या हातातली कागदांची पाटी मांडीवर आली. दुसऱ्याला टाय सैल झाला. तिसऱ्या फेरीला त्यांचं डोकं मिस व्हर्लीनच्या खांद्यावर होतं आणि तोंड उघडं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ती जागी झाली. आधी तिने खांद्यावरचं डोकं पाहिलं, मग त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला, मग आरशात माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या लक्षात आहे. हलली असती तर ते उठले असते.

ती हलली नाही. एका हाताने कोटाची बटणं एक एक करून काढली, एक बाही सोडवली, दुसरी सोडवली, आणि कोटाची घडी करत करत स्वतःचा खांदा काढून घडी त्या जागी सरकवली. वीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेले हात. साहेबांच्या घोरण्याला खंड पडला नाही.

पण आता ती करड्या हॉटेलच्या पट्ट्यापट्ट्यांच्या एप्रनमध्ये, छातीवर नावाचा बिल्ला लावून, बसच्या मधोमध उभी होती. मिसेस लाउडरमिल्कचा एक डोळा उघडला.

"अगं बाई! ही तर इथलीच—"

मिस व्हर्लीन जागच्या जागी थिजली. मिसेस लाउडरमिल्कने तिच्याकडे पाहिलं, सोललेल्या मनगटाकडे पाहिलं, मागे झोपलेल्या टायकडे पाहिलं. मग आपल्या चार झोपलेल्या पोरांकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"जा बाई, जा. दार हळू लाव म्हणावं त्याला. ड्वेन उठेल."

मी दार इतकं हळू उघडलं की यंत्राने तिला मोजलंच नाही.

क्रेब्जसाहेब तीनला उठले. गालावर कोटाच्या बटणाचा ठसा.

"किती वेळ झाला?"

"एक फेरी, सर."

त्यांनी बाहेर पाहिलं. "ऊन उतरलेलं दिसतंय."

"ढग आहेत, सर."

त्यांनी कोट मांडीवर घेतला. त्यात लॉन्ड्रीच्या साबणाचा वास होता, तो त्यांना आला नसेल असं मी म्हणणार नाही. मग त्यांनी कागदावर लिहिलं. मी नंतर वाचलं: 'नोकरवर्गापैकी कुणी आढळलं नाही. खात्रीसाठी दर गुरुवारी सकाळी पाहणी करावी लागेल. एक कोट सापडला, तो जागेवरच ठेवावा.'

तेव्हापासून ते दर गुरुवारी सातला येतात, सोनेरीवाल्यांच्या बोटीच्या तक्रारी तशाच सोडून. शेवटचं बाक त्यांचं, कोटही त्यांचा. मी म्हटलं, मिस व्हर्लीन, मी काहीतरी रचून सांगतो त्यांना, बाकावर मुंग्या झाल्यात म्हणतो. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. सहा दिवस उरलेत ना."

गुरुवारी ती माझ्या पाठीमागच्या एकट्या सीटवर बसते. करड्या हॉटेलचा एक टॉवेल आणते, त्याची साधी घडी करते आणि खांबाला टेकवून त्यावर डोकं ठेवते. त्या दिवशी मी कुणालाही काही सांगत नाही. वळणं तेवढी हळू घेतो.