ऑड्री पेंगेलींची स्पॅनिश आजी

टॅलारा क्रीकपासून समुद्र तीनशे किलोमीटर लांब आहे. तरीही ऑड्री पेंगेली यांची आजी इझाबेल ही एका स्पॅनिश जहाजाच्या कप्तानाची मुलगी होती, हे गावाने मान्य केले होते. न करून चालण्यासारखे नव्हते. ऑड्रीबाई बावीस वर्षे संस्थापक कुटुंब संघाच्या अध्यक्ष होत्या आणि इझाबेलचे चित्र संघाच्या सभागृहात चहाच्या टेबलाच्या वर टांगलेले होते. काळेभोर केस, बारीक डोळे, वर आलेली गालफडे. पाहुण्यांच्या ताटलीत स्कोन ठेवताना ऑड्रीबाई चित्राकडे बोट करून सांगत, "हे डोळे सेव्हिलचे."

कप्तानाची मुलगी सोन्याच्या खाणींपर्यंत कशी पोहोचली, हे कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याच्या घरातही बहुधा एखादा पोर्तुगीज निघाला असता. आमच्या गावात जिथे जिथे रंग जरा सावळा किंवा डोळे जरा वेगळे, तिथे तिथे एक स्पॅनिश पूर्वज आहे. एवढे स्पॅनिश कप्तान खरोखर इकडे आले असते, तर स्पेनकडे जहाजे चालवायला माणूस उरला नसता.

संघाचे सदस्यत्व मिळवायचे तर पूर्वज १८६० पूर्वी गावात आलेला हवा. ऑड्रीबाईंना ते कॉर्नवॉलच्या एका खाणकामगारामुळे मिळाले. रुबाब मिळाला तो इझाबेलमुळे. खजिनदार ग्रॅहम ओट्स यांचा पूर्वज मेंढी चोरल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा होऊन इकडे आला होता. ओट्स यांच्या वडिलांनी हे मरेपर्यंत लपवले. ओट्स यांनी शिक्षेचा कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे. पन्नास वर्षांत चोर प्रतिष्ठित झाला. चिनी मात्र अजून रांगेत होता.

रांगेत म्हणजे अक्षरशः. हार्डवेअरचे दुकान चालवणारे केल्विन क्वाँग यांनी संघाकडे पहिला अर्ज केला त्याला चोवीस वर्षे झाली. त्यांचे पणजोबा क्वाँग सू हिंग १८५६ मध्ये गावात आले, आधी खाणीत राबले, मग भाजीचा मळा केला, आणि इथेच मेले. चर्चच्या दफन नोंदवहीत त्यांची नोंद अशी आहे: चिनी, क्रमांक चौदा. कबरीच्या दगडावर नाव आहे, पण चिनी अक्षरांत. समितीने सांगितले, आम्हाला वाचता येत नाही. केल्विननी भाषांतर आणले. समितीने विचारले, भाषांतर करणारा तुमच्याच समाजाचा कसा? ऑड्रीबाई अध्यक्ष झाल्यावर नियम क्रमांक चार झाला: नाव कागदावर हवे, घरात सांगितलेल्या गोष्टी हा पुरावा नाही. नियम करताना इझाबेलचे चित्र वरून बघत होते.

यंदा गावाला एकशे सत्तर वर्षे झाली. नगरपालिकेने बागेत 'पहिल्या कुटुंबांची भिंत' बांधायला घेतली. प्रत्येक कुटुंबाला ग्रॅनाइटची एक पाटी. केल्विननी सहावा अर्ज केला. त्यांची आत्या एल्सी चौऱ्याण्णव वर्षांची होती, आणि आजोबांचे नाव त्या भिंतीवर बघितल्याशिवाय जाणार नाही, असे तिने त्यांना बजावले होते. अर्ज नियम चारवर परत आला.

त्याच महिन्यात ऑड्रीबाईंच्या भाचीने त्यांना वाढदिवसाला डीएनए चाचणीची डबी दिली. नळीत थुंकायचे, पोस्टात टाकायचे. सहा आठवड्यांनी उत्तर आले. स्पेन शून्य. चीन साडेबारा टक्के. खाली जवळच्या नातेवाइकांची यादी होती आणि यादीत केल्विनच्या मुलीचे नाव होते.

ऑड्रीबाईंनी कंपनीला फोन करून नळ्यांची अदलाबदल झाल्याचे सुनावले. मग कागद स्वयंपाकघरातल्या खणात, भांडी पुसायच्या फडक्यांखाली घातला. तो तिथेच राहिला असता. पण भिंतीचे उद्घाटन करणार होत्या त्या मंत्रीणबाईंच्या कार्यालयातून पत्र आले. पाट्यांची यादी बघून बाई जरा खट्टू झाल्या होत्या. सगळे कॉर्निश, इंग्लिश आणि आयरिश. गावाचा संमिश्र वारसा कुठे दिसतो? भाषणात सांगता येईल असे काही आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावरचे सेव्हिल बंद झाले. आठवडा संपेपर्यंत चित्राखाली नवी पट्टी लागली होती: इझाबेल, चिनी आणि आयरिश वंशाची पायोनिअर स्त्री. ऑड्रीबाई आमच्या दैनिकाच्या कचेरीत स्वतः येऊन बसल्या. आपल्याला भाताची ओढ लहानपणापासून होती, ती का, हे आता कळले, असे त्यांनी सांगितले. मी लिहून घेतले.

तिथून त्या केल्विनच्या दुकानात गेल्या. मीही मागोमाग गेलो. केल्विन खिळे वजन करत होते.

"केल्विन, बस जरा," ऑड्रीबाई म्हणाल्या. "तुला धक्का बसेल. आपण भाऊबहीण आहोत."

"माहीत आहे," केल्विन म्हणाले आणि खिळे पुडीत भरले. "इझाबेल माझ्या आजोबांची सख्खी बहीण. एल्सीआत्या दर वर्षी पणजोबांच्या कबरीवर तिच्या नावाचा एक पेला ठेवते."

बसल्या त्या ऑड्रीबाईच.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही स्पॅनिश म्हणून खूश होतात. म्हटलं, कशाला उगाच."

त्यांनी एकच गोष्ट मागितली. पाटीवर पणजोबांचे नाव. आता ते दोघांचे पणजोबा होते, तेव्हा अडचण नसावी. ऑड्रीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, बघते म्हणाल्या, आणि एल्सीआत्याचे लाल रेशमी जाकीट उद्घाटनापुरते मिळेल का, असे विचारले. जाकीट मिळाले.

समितीची सभा तासभर चालली. ओट्स यांचे म्हणणे बिनतोड होते. डीएनए नाते सांगतो, नाव सांगत नाही. नाव कागदावर नाही. नियम चार. ऑड्रीबाईंनी जड अंतःकरणाने मान्य केले. नियम त्यांचाच होता. पाटी अशी कोरली गेली: पेंगेली कुटुंब. कॉर्निश, आयरिश आणि चिनी वारसा. खाली हातभर जागा मोकळी राहिली. केल्विनना कुणी कळवले नाही.

उद्घाटन एप्रिलच्या पहिल्या शनिवारी होते. सुरुवातीला या भूमीच्या मूळ आदिवासी मालकांना, त्यांच्या पूर्वजांना रीतीप्रमाणे वंदन झाले. मग पहिल्या कुटुंबांच्या भिंतीवरचा पडदा ओढला गेला. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना कुणी अडखळले नाही.

तोच आठवडा क्वाँगांचा कबरी साफ करण्याचा. केल्विन आणि एल्सीआत्या दफनभूमीतून थेट आले होते. त्यांच्या गाडीत कुदळ, बादली आणि लाल रंगाचा डबा तसाच होता. कबरीवरची अक्षरे पावसाउन्हाने फिकी पडतात, ती दर वर्षी ब्रशने लाल भरून घ्यायची, अशी त्यांची पद्धत. केल्विनना चिनी वाचता येत नाही. पण सात वर्षांचे असल्यापासून ते तीच तीन अक्षरे रंगवत आले आहेत, आणि ती ते डोळे मिटूनही काढतील.

चाकाच्या खुर्चीतून एल्सीआत्याने पाटी बघितली.

"वाच," ती म्हणाली.

केल्विननी वाचले.

"आणि सू हिंग?"

"नाही, आत्या."

"चिनी म्हणे," ती म्हणाली. "नोंदवहीत निदान नंबर तरी दिला होता."

केल्विन गाडीकडे गेले आणि डबा घेऊन आले. मंत्रीणबाईंचे भाषण चालू होते. ते गुडघ्यावर बसले, डब्याचे झाकण पेचकसाने उघडले आणि पाटीच्या मोकळ्या जागेत वरून खाली तीन अक्षरे काढली. क्वाँग. सू. हिंग. घाई केली नाही. भाषण थांबले. ओट्स पुढे सरसावले, पण आमच्या छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला होता, म्हणून ते हसले आणि उभे राहिले.

मंत्रीणबाईंनी ऑड्रीबाईंना विचारले, हे काय लिहिले?

लाल जाकिटातल्या ऑड्रीबाईंना यातले एक अक्षर कळत नव्हते. कळत नाही म्हणणेही शक्य नव्हते.

"पारंपरिक आशीर्वाद," त्या म्हणाल्या. "आमच्यात काढतात."

मंत्रीणबाईंचे डोळे पाणावले. त्यांनी पाटीपुढे उभे राहून फोटो काढून घेतला. मी केल्विनना बाजूला नेऊन फोटोखाली काय छापू ते विचारले. त्यांनी ब्रश चिंधीने पुसला.

"ऑड्रीताई घरात मोठ्या," ते म्हणाले. "त्या म्हणतील ते छापा."

मी 'पारंपरिक आशीर्वाद' हे शब्द ऑड्रीबाईंच्या नावासकट अवतरणचिन्हांत छापले.

दोन आठवड्यांनी ओट्स यांनी सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना रंगकाम झाल्याची तक्रार केली आणि पालिकेचा माणूस रंग काढायचे द्रावण घेऊन आला. ऑड्रीबाई त्याच्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. मंत्रीणबाईंच्या कार्यालयात त्या फोटोची मोठी प्रत लागली होती. आशीर्वाद पुसला तर काय उत्तर द्यायचे? त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि रंग उडून जाऊ नये म्हणून ती अक्षरे ग्रॅनाइटमध्ये बोटभर खोल कोरून घ्यावीत, असा ठराव मांडला. नियम चारचा प्रश्न आला नाही, कारण तो नावांसाठी आहे. ठराव एकमताने मंजूर झाला.

कोरीवकाम पूर्ण झाले त्या दिवशी केल्विननी एल्सीआत्याला भिंतीपाशी नेले. तिने खुर्चीतून वाकून तिन्ही खाचांतून बोट फिरवले, मग बोटाला लागलेली भुकटी फुंकली आणि घरी चल म्हणाली. जाकीट अजून ऑड्रीबाईंकडेच आहे.

पाट्यांची यादी संघाच्या दप्तरात आहे. पेंगेलींच्या रकान्यात शेवटी ओट्स यांच्या अक्षरात नोंद आहे: आशीर्वाद, चिनी, एक.