निळ्या दोऱ्याची जुडी

तुम्ही वाकला नाहीत. माझा आरोप एवढाच आहे. आमच्या परसातला पालकाचा वाफा तुमच्या बुटांपासून हातभर अंतरावर होता. गळ्यात यंत्र होतं, खिशात नमुन्याच्या पिशव्या होत्या. तरी खाली वाकून एक पान तुम्ही तोडलं नाहीत. हातात आलं ते घेतलंत, आणि त्यावर लिहून दिलंत की या वस्तीतली भाजी खायला सुरक्षित आहे.

ते हातात काय आलं होतं, ते आता ऐका.

आमचं घर खताच्या कारखान्याच्या पिछाडीला आहे. खिडकी उघडली की पांढरा डोंगर दिसतो. कारखाना बाहेरून खडक आणतो, आम्लात विरघळवतो, खत विकतो आणि उरलेला चोथा आमच्या खिडकीसमोर रचतो. माझा नवरा त्याच चोथ्याच्या गाड्या चालवतो. कोणी पाहुणे आले की म्हणतो, "या, बसा. बर्फाचा डोंगर आहे आमच्याकडे, तिकीट नाही." त्या खडकात मुळातच किरणोत्सर्ग असतो आणि खत काढून घेतल्यावर त्यातला बराचसा चोथ्यात उरतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच. म्हणे ही भुकटी मातीत मिसळा, चिकट जमीन मोकळी होते, आणि फुकट आहे. नवऱ्याने एक खेप दारात ओतली. सासूबाईंनी ती चाळली, घमेल्याने वाहिली, वाफ्यावाफ्यात कालवली. जमीन खरंच मोकळी झाली. मुळे सरळ उतरले. शेजारणींना हाताला धरून आणून त्या ते मुळे दाखवायच्या.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला आम्ही खार म्हणतो, कारण ती वाफ्याशी उकिडवी बसून मुळ्याचा पाला कच्चाच कुरतडते. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "खाऊ दे गं. घरचं आहे."

मग कारखान्यातले जुने पाइप भंगारात गेले आणि भंगारवाल्याच्या फाटकावरची, किरणोत्सर्ग ओळखणारी धोक्याची घंटा वाजली. थांबेचना. गावभर बोभाटा झाला, आणि तपासणीला तुम्ही आलात.

मी पुढच्या खोलीत शिलाई मशिनवर शाळेचे गणवेश शिवत होते. मागचं दार उघडं होतं, तुम्ही मला दिसत होतात. तुम्ही किरणोत्सर्ग मोजायचं ते यंत्र कुंपणावर धरलंत. ते टकटकलं. तुम्ही ते बंद केलंत आणि म्हणालात, "काकू, भाजीचा एक नमुना द्या."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. साहेब, स्वयंपाकघरात. वाफा तुमच्या पायाशी, आणि नमुना आणायला म्हातारी घरात शिरते, हे तुम्हाला दिसलं. बाहेर येताना त्यांनी माझ्या रिळाचा निळा दोरा तोडून घेतला आणि हिरवीगार, टवटवीत जुडी बांधून तुमच्या हातात ठेवली. तुम्ही म्हणालात, "छान आहे."

माझं लक्ष काजाकडे होतं. मला काही सुचलं नाही.

कागद आला तेव्हा घरात सणासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते. माझ्या भाजीला काय धाड भरली आहे?"

मी म्हटलं, "आई, पण त्या दिवशी तुम्ही वाफ्यात गेलाच नाहीत."

"कशाला जाऊ? आपल्या पालकाची कीड लागून चाळण झालेली, वर पांढरी पूड बसलेली. दारात आलेल्या माणसाच्या हातात ती जुडी देऊ? बाजारातून आणलेली होती ना फ्रिजमध्ये. ती धुतली, देठं छाटली, तुझ्या दोऱ्याने बांधली. नवरीसारखी दिसत होती."

"आई, ते खायला नव्हते नेत. तपासायला नेलं."

"मग चांगली नको द्यायला?"

त्या विळी घेऊन बसल्या, दोन पानं चिरली, आणि हात थांबला.

"म्हणजे आपली कोणी बघितलीच नाही?"

"नाही."

"खार रोज खाते गं," त्या म्हणाल्या. मग चिरलेला पाला उचलून बाहेर टाकायला गेल्या आणि दारातच थांबल्या, कारण बाहेर म्हणजे कुठे टाकायचा हेही कळेना.

रात्री जेवताना नवरा चिडला. "सुरक्षित लिहून आलंय ना? मग तुम्ही स्वतः जाऊन नाही म्हणून सांगणार? उद्या माझ्या हातातली गाडीची चावी काढून घेतील."

"काढू देत," सासूबाई म्हणाल्या. "बायको काजं करायला शिकवेल तुला. सुईत दोरा ओवता येतो का, ते आधी बघू."

तो हसला नाही. पण सकाळी निघताना खारीला उचलून वाफ्यापासून लांब नेऊन ठेवलं, आणि आमच्याकडे न बघता गेला.

आम्ही दोघी तुमच्या कार्यालयात आलो. या वेळी पालक मुळांसकट उपटला होता, माती तशीच, भोकं तशीच. तुम्ही टेबलावर डबा उघडून बसला होतात. सासूबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हणाल्या, "चूक माझी. मला वाटलं, चांगलं तेच द्यावं. आता खरी भाजी आणली आहे."

तुम्ही म्हणालात, "काकू, लोकांनी आणून दिलेला नमुना चालत नाही. नियमाने आम्हाला स्वतः घ्यावा लागतो."

मी म्हटलं, "मागचाही त्यांनीच दिला होता."

"कागदावर तो आम्ही घेतल्याची नोंद आहे."

"मग आज चला आणि घ्या."

"प्रकरण बंद झालंय, ताई. शिवाय हे सगळं नैसर्गिक असतं. थोडं सगळीकडेच असतं."

नैसर्गिक. सापाचं विषही नैसर्गिक असतं साहेब, पण साप आमच्या परसात आणून सोडला तर तो सोडणाऱ्याचं नाव विचारतातच. तो खडक जिथे होता तिथे जमिनीच्या पोटात गप पडला होता. तो काढला कोणी, दळला कोणी, त्यातलं खत नफ्याला लावून चोथा आमच्या ताटाला लावला कोणी?

हे मी तिथे बोलले नाही. बोलायच्या आधीच सासूबाईंनी पिशवी उचलून तुमच्या टेबलावर ठेवली. ओल्या मुळांची थोडी माती काचेवर सांडली. आणि तुम्ही झटकन डब्याचं झाकण लावलंत. डबा खणात ठेवलात. खण बंद केलात.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सुरक्षित आहे ना? मग डबा का उचललात, बाळा?"

तुम्ही शिपायाला हाक मारून पिशवी बाहेर ठेवायला सांगितलंत. तो चिमटीत धरून घेऊन गेला.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझं निळं रीळ मागून घेतलं. चारी कोपऱ्यांना काड्या रोवून वाफ्याभोवती दोरा फिरवला. ज्या दोऱ्याने बाजारची भाजी नटवली, त्याच दोऱ्याने स्वतःची भाजी वाळीत टाकली. खार दोऱ्याच्या अलीकडे उभी राहून विचारत होती, "आजी, माझा पाला कधी द्यायचा?" आणि जिने आजवर एकाही माणसाला दारातून रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही, ती बाई नातीकडे पाठ करून उभी राहिली.

नातीला काय सांगायचं ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. ते सांगणं तुमचं काम आहे, त्याचाच पगार तुम्ही घेता. कागद पाठवू नका. या, दोरा ओलांडा, वाका आणि तुमच्या हाताने पान तोडा. यायचं नसेल तर एवढंच सांगा: तुम्हाला मुलगी असली तर तिच्या डब्यात तुम्ही ही भाजी द्याल का? हो की नाही?